साखळी, गुंठा आणि बांध

शाळेतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली, तरी जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत असतात. पूर्वी विचारायचे, "सर, मुलाला कोणत्या शाळेत घालू?" आता तेच विद्यार्थी पन्नाशी-साठीला आले. वडील गेले, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, बहिणींचे हक्क आले, आणि आता विचारतात, "सर, जमिनीची मोजणी करून घ्यायचीय. एखादा चांगला सर्व्हेअर आहे का ओळखीत?" इतिहासाच्या मास्तराला हा प्रश्न का विचारतात, याचे आधी मला हसू यायचे. पण विचार केल्यावर वाटले, की प्रश्न अगदीच चुकीच्या दारात आलेला नाही. मोजणीला आलेला माणूस शेतात यंत्र उभे करतो खरा, पण तो शोधत असतो एक जुनी रेघ. ती रेघ पुष्कळदा आपल्या पणजोबांच्याही आधी कुणी तरी काढलेली असते. म्हणजे मोजणी हा एका अर्थी इतिहासाचाच तास झाला. तर आज त्याच विषयावर चार गोष्टी लिहितो.

सुरुवात नाशिकपासूनच करू. आपल्या पांडवलेण्यांत आपण सगळेच कधी ना कधी सहलीला गेलो आहोत. पायऱ्या चढून दमतो, बुद्धमूर्ती पाहतो, वरून दिसणाऱ्या शहराचे फोटो काढतो आणि खाली येतो. तिथल्या भिंतींवरचे ब्राह्मी अक्षरांतले शिलालेख मात्र थांबून फारसे कोणी पाहत नाही. त्या लेखांत जमिनीचे व्यवहार कोरलेले आहेत! नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातल्या लेखात सांगितले आहे, की अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याने चार हजार कार्षापणांना एक शेत विकत घेऊन दिले. हे शेत विकणाऱ्याच्या वडिलांचे होते आणि ते नगराच्या सीमेवर वायव्य दिशेला होते. बघा, घेणारा कोण, विकणारा कोण, किंमत किती, विकणाऱ्याकडे जमीन कशी आली आणि ती कुठे आहे, हे सगळे त्यात आले. आजच्या खरेदीखतात याहून वेगळे काय असते? एकच गोष्ट नाही, ती म्हणजे चतुःसीमा.

त्यानंतर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याचा तिसऱ्या लेण्यातला लेख तर आणखी बोलका आहे. त्याने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी पश्चिम काखडी गावातले, पूर्वी उषवदाताकडे असलेले, दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिले. सहा वर्षांनी, म्हणजे चोविसाव्या वर्षी, दुसरा हुकूम काढावा लागला. कारण काय, तर ते शेत कोणी कसत नाही आणि गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या खाजगी जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत, असा तो हुकूम आहे. कागदावर दोनशे निवर्तने आणि प्रत्यक्षात पडीक! कागद आणि जमीन यांची गाठ न पडण्याचा प्रश्न नाशिकला निदान एकोणीसशे वर्षांचा जुना आहे, असे म्हणायला हरकत नाही.

निवर्तन हे जमिनीचे माप. ते ग्रंथागणिक वेगळे सांगितले आहे. मापांचा हा घोळ पुढेही चालूच राहिला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने निजामशाहीत जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी जमीन मोजून घेतली. सभासदाच्या बखरीत त्या मोजणीचे माप दिले आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघे म्हणजे एक चावर. हात किती तसूंचा धरायचा हेही ठरवून दिले होते. का? कारण हात कोणाचा, हा प्रश्न आलाच. उंच माणसाचा हात धरला तर बिघा मोठा होतो, बुटक्याचा धरला तर लहान. माप ठरवून देणे ही राज्यकर्त्याने रयतेवर केलेली फार मोठी मेहेरबानी असते. ती आपल्या लक्षात येत नाही, कारण आपल्याला आयती मिळाली आहे.

गावाची शीव मात्र काठीने ठरत नसे, ती माणसांच्या आठवणीवर ठरे. शिवेवर म्हसोबा, मरीआई, वेताळ यांची ठाणी असत आणि जुने दगड असत. शीव कुठून कुठे जाते याची खडान्‌खडा माहिती गावच्या महाराला असे, आणि वादात त्याचा शब्द महत्त्वाचा मानला जाई. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच साक्षीवर गावाची वेस आणि शीव उभी होती, ही गोष्ट वर्गात सांगताना मी नेहमी थोडा थांबत असे. वाद मिटलाच नाही तर दिव्य करावे लागे. डोक्यावर गाईचे कातडे किंवा शिवेवरची माती घेऊन एखाद्याने देवाची शपथ घेऊन शीव चालून दाखवायची. तो चालला ती शीव. चालणारा खोटे चालला तर त्याचे वाईट होणार, ही सर्वांची समजूत. पद्धत मोजमापाची नव्हती, पण एक गोष्ट तिच्यात होती. निकाल सगळ्या गावासमोर लागे आणि सगळ्यांना तो पाहता येई.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांपुढे प्रश्न पडला, की सारा घ्यायचा कोणाकडून आणि किती? प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुणे भागात १८२०च्या दशकाच्या अखेरीस मोजणी सुरू केली. हा प्रिंगल विलायतेत हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढायचे, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरेल त्याचे पंचावन्न टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात आकडे चुकीचे निघाले, हाताखालच्या लोकांनी हात ओले करून घेतले, सारा झेपेना आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. ती सगळी योजना मोडीत काढावी लागली.

मग आले गोल्डस्मिड आणि विंगेट. गोल्डस्मिड मुलकी खात्यातला, विंगेट लष्करातला इंजिनिअर. १८३६ साली त्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. उत्पन्नाचा बारीक हिशेब त्यांनी सोडून दिला. जमीन मोजायची, तिचा कस ठरवायचा आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा, तोही झेपेल असा कमी. १८४७ साली विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांनी संयुक्त अहवाल लिहिला आणि मुंबई इलाख्यातल्या मोजणीचा तो पायाच ठरला. आपल्या नाशिक भागातही १८४०च्या दशकात ही मोजणी येऊन पोचली. तेव्हा नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो झाला १८६९ साली.

या मोजणीत 'सर्व्हे नंबर' कसा पाडला, हे ऐकण्यासारखे आहे. एक बैलजोडी जेवढी जमीन कसू शकेल, तेवढा साधारण एक नंबर. हलकी जमीन असेल तर वीस एकरांच्या आसपास, मध्यम असेल तर पंधरा, भारी काळी असेल तर बारा, आणि भाताची असेल तर चारच. म्हणजे ज्या सर्व्हे नंबरासाठी आपण आज कोर्टात जातो, त्याचा आकार मुळात दोन बैलांच्या ताकदीवर ठरला होता! कस ठरवायचा तो आण्यांत. माती किती खोल, रंग कोणता, चुनखडी आहे का, पाणी साचते का, हे पाहून जमीन सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ वर्गांत बसवायची. 'सोळा आणे' हा शब्द आपण सहज वापरतो. शेतकऱ्याच्या घरात मात्र त्याचा अर्थ फार नेमका होता.

आणि मोजायचे कशाने? साखळीने. इंग्लंडात एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० साली सहासष्ट फुटांची साखळी रूढ केली होती. आपल्याकडे तिच्या निम्मी, म्हणजे तेहतीस फुटांची साखळी घेतली आणि तिचे सोळा भाग पाडले. त्या भागांनाही नाव आणेच! काटकोन पाहायला शंकू, लांबी पाहायला साखळी, म्हणून या पद्धतीला 'शंकू-साखळी' म्हणतात. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ बरोबर १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज नाशिकला पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत कुठेही जा, 'गुंठा काय भाव?' हा प्रश्न ऐकू येतो. विचारणाऱ्याला हे ठाऊक नसते, की तो एका लोखंडी साखळीचा भाव विचारतो आहे.

इथे थोडे गणित करू. मास्तराची सवय जात नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे. साखळी रोज ओढून, ताणून, दगडांवर घासून तिच्या कड्या सैल होतात आणि ती लांबते. समजा तेहतीस फुटांच्या साखळीत एक इंच वाढ झाली. साखळीचे इंच ३९६, त्यात एक वाढला म्हणजे पाव टक्का. पण क्षेत्र काढताना लांबी आणि रुंदी दोन्हीकडे चूक येते, म्हणून क्षेत्रात अर्धा टक्का फरक पडतो. पंधरा एकरांच्या नंबराचे सहाशे गुंठे, त्याचा अर्धा टक्का म्हणजे तीन गुंठे. लांबलेल्या साखळीने मोजले तर कागदावर जमीन तीन गुंठे कमी भरणार. सारा बसवताना तीन गुंठ्यांचे काहीच वाटले नसेल, शेतकऱ्याला उलट बरेच वाटले असेल. पण आज त्याच नंबरात प्लॉट पडलेले असतील, तर त्या तीन गुंठ्यांत किती घरे बसतील ते तुम्हीच मोजा.

चुका होऊ नयेत म्हणून साहेब लोक काही शेते पुन्हा मोजून तपासत, हे खरे. पण माझ्या मते मुद्दा अचूकतेचा नाहीच. मुद्दा हा आहे, की ती मोजणी कशासाठी केली होती? सारा बसवण्यासाठी. या जमिनीचा सारा भरणारा कोण, एवढेच सरकारला पाहिजे होते. या जमिनीचा खरा धनी कोण, भावाभावांत तिचा वाटा कसा, हे तिने विचारले नव्हते. माणसांच्या हक्कांची नोंद, जिला आपण हक्कनोंदणी म्हणतो, ती १९०३च्या कायद्याने आली, म्हणजे विंगेटनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. आणि आजही सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते, की त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. एवढेच. सारा बसवण्यासाठी काढलेल्या रेघेवर आपण आपली मालकी, आपली भाऊबंदकी आणि आपली अब्रू टांगून ठेवली आहे.

या साऱ्याचा आणखी एक परिणाम झाला. मोजलेली, नंबर पडलेली जमीन सहज गहाण ठेवता येऊ लागली आणि विकता येऊ लागली. तीस वर्षे संपल्यावर फेरमोजणी होऊन सारा वाढला, त्यातच कापसाचे भाव पडले, आणि शेतकरी सावकाराच्या हातात सापडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. तेच दख्खनचे दंगे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाशीवर ताशेरे आहेतच. मोजणीने शेतकऱ्याला माप दिले, तसेच तिने त्याला बाजारातही उभे केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

नंतरच्या काळात त्या जुन्या रेघांवर नव्या रेघा चढत गेल्या. १९४७ साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा आला. विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. मग मेट्रिक पद्धत आली आणि एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर शंभर चौरस मीटरचा. लोक दोन्ही एकच समजतात, पण चाळीस गुंठ्यांचा एकर ४०.४७ आर भरतो. पुढे शहरे फुगली. शेतीचे तुकडे कायद्याला न विचारता गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकले गेले, आणि शेवटी २००१ साली सरकारला गुंठेवारीचा खास कायदाच करावा लागला. विंगेटसाहेबाने बैलजोडीसाठी पाडलेल्या नंबरात आता चारचाकी लावायला जागा नाही म्हणून भांडणे होतात.

आता थोडे घरचे सांगतो. दिंडोरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे. १९७२च्या दुष्काळात वडिलांनी बांधाजवळ विहीर खणली. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होतो आणि सुटीत येऊन माती ओढली होती. शेजारच्या शेतातले आण्णाही दोराला होते. त्यांच्या घरातली दोन माणसे आमच्या विहिरीवर राबली आणि आमच्या घरातून त्यांना भाकरी गेली. पाणी लागले तेव्हा दोन्ही घरांनी मिळून नारळ फोडला. त्या विहिरीवर पुढे माझ्या पुतण्याने द्राक्षबाग उभी केली.

२०१२ साली वारसांच्या वाटण्या करायच्या म्हणून पुतण्याने हद्द कायम मोजणीचा अर्ज दिला. मोजणी झाली, नकाशा जमिनीवर उतरला, आणि रेघ आली ती विहिरीच्या अलीकडून! चाळीस वर्षे ज्या विहिरीचे पाणी आम्ही पीत होतो, ती नकाशाप्रमाणे सहा फूट शेजारच्या गटात होती. मोजणाऱ्याने काही वावगे केले नव्हते. बांधच कधी तरी सरकला होता. नांगराने, पुराने की कुणाच्या तरी हाताने, ते सांगणार कोण? पुतण्याचा चेहरा उतरला. विहीर गेली तर बागही गेली, आणि बागेवर बँकेचे कर्ज होते. आण्णांचा नातू तिथेच म्हणाला, "मोजणीत आमच्याकडे आली, म्हणजे आमची." त्याचेही कागदाप्रमाणे चूक नव्हते.

आण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. ते काठी टेकत विहिरीपर्यंत आले. नातवाला म्हणाले, "जागा आपली निघाली, ती घे. पण खणताना दोर मी ओढलाय. हे पाणी कोणाच्या घामाचं आहे ते मला ठाऊक आहे." आठवडाभर दोन्ही घरांत चर्चा चालली, आवाजही चढले. शेवटी बांध नव्या हद्दीवर घ्यायचा, जागा त्यांची मान्य करायची आणि पाण्याची पाळी निम्मी-निम्मी ठेवायची असे ठरले. आण्णांनीच हट्ट धरला, की तोंडी नको, दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवा. "मी आहे तोवर माझा शब्द आहे. पुढचं मला माहीत नाही," असे ते म्हणाले. पुढे २०१६च्या उन्हाळ्यात पाणी आटले, आण्णाही नव्हते, आणि पाळीवरून पुन्हा कुरबूर झाली. तेव्हा तो नोंदवलेला कागद काढला. नातवाने तो वाचला, थोडा वेळ गप्प बसला आणि पाळी पाळली. पहिल्यासारखे येणे-जाणे राहिले नाही, हेही खरे. पण बाग वाचली आणि कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

हे सांगण्याचे कारण, मोजणी करून घेणाऱ्याने मनाची तयारी ठेवली पाहिजे. बहुतेक लोक 'शेजाऱ्याने आपले किती दाबले' ते पाहायला मोजणी बोलावतात. रेघ कोणत्याही बाजूला पडू शकते. आणि फार थोड्या जमिनीसाठी फार मोठी भांडणे होतात. दहा साखळ्या लांबीच्या, म्हणजे ३३० फुटांच्या बांधावर शेजाऱ्याने दीड फूट कोरले तर क्षेत्र होते ४९५ चौरस फूट. अर्धा गुंठासुद्धा नाही. त्यासाठी बोलणे तोडून तीन पिढ्या कोर्टात गेलेली घरे मी नाशिक जिल्ह्यात पाहिली आहेत.

आता विचारणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पहिली गोष्ट, कोणती मोजणी हवी ते आधी ठरवा. हद्द पक्की करायची तर 'हद्द कायम', भावांच्या वाटण्या करायच्या तर 'पोटहिस्सा', प्लॉट पाडायचे तर 'बिनशेती'. अर्ज तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे करायचा असतो आणि तो आता ऑनलाइन होतो. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी आणि अतिअतितातडी असे चार प्रकार होते. १ डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिले. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितसाठी दोन हजार रुपये आणि द्रुतगतीसाठी आठ हजार, असे तेव्हा दर ठरले. अर्ज करण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत.

दुसरी गोष्ट, लगतच्या खातेदारांना नोटीस जातेच, पण नोटीस पोचण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. पोस्टाने आलेला कागद हा माणसाला अपमान वाटतो, घरी येऊन सांगितले तर तीच गोष्ट साधी वाटते. मोजणीच्या दिवशी त्यांना हजर राहू द्या. भूकरमापक जुना नकाशा, टिपण, गट बुक पाहून हद्द दाखवतो. तुम्ही खुणा रोवायला दगड, चुना आणि माणसे तयार ठेवा. नंतर मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते, ती जपून ठेवा. निकाल पटला नाही तर हमरीतुमरीवर येऊ नका. वरच्या अधिकाऱ्याकडून 'निमताना' मोजणी मागता येते, आणि तीही पटली नाही तर जिल्हा पातळीवरून 'सुपर निमताना'.

तिसरी गोष्ट खाजगी सर्व्हेअरबद्दल. घराचा आराखडा, चढ-उतार, खरेदीआधी क्षेत्राचा अंदाज यासाठी खाजगी सर्व्हेअर जरूर घ्यावा. चांगला माणूस असेल तर तो आधी जुने कागद मागतो. जो कागद न पाहताच यंत्र लावतो, त्याच्यापासून सावध राहावे. हद्दीच्या वादात मात्र सरकारी मोजणीलाच वजन असे. २०२५ साली राज्य सरकारने परवानाधारक खाजगी भूमापकांकडून मोजणी करून घ्यायची आणि भूमी अभिलेख खात्याने ती प्रमाणित करायची, असा निर्णय जाहीर केला. मोजणीची प्रकरणे तुंबलेली असतात, त्यामुळे कल्पना चांगली आहे. पण तुमच्या तालुक्यात ती कितपत सुरू आहे, आणि समोरच्या माणसाकडे परवाना आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

यंत्रे खूप बदलली. साखळी गेली, प्लेन टेबल आले. नंतर टोटल स्टेशन आले आणि आता उपग्रहावरून जागा सांगणारे रोव्हर आले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला गावठाणाची मोजणी ड्रोनने करून पाहिली, आणि २०२० साली केंद्राने तशी योजना सुरू केली. काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा आता सांगता येते. तरी एक अडचण राहतेच. यंत्र सेंटिमीटरचे असले, तरी ज्या रेघेशी ते ताडून पाहायचे ती रेघ साखळीची आहे. नवे यंत्र जुनी चूक फार अचूक दाखवते, एवढेच! ती चूक सुधारायची तर दोन्हीकडच्या माणसांची संमती लागते. ती देणारे यंत्र अजून निघालेले नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, मोजणी जरूर करून घ्या आणि म्हातारी माणसे आहेत तोवर करून घ्या. बांध कुठे होता, विहीर कोणी खणली, आंबा कोणी लावला, हे त्यांनाच माहीत असते, आणि ते कोणत्याही टिपणात लिहिलेले नसते. त्यांना बांधावर खुर्ची टाकून बसवा, त्यांचे म्हणणे दोन्ही घरांसमोर कागदावर लिहून घ्या, आणि जे ठरेल ते नोंदवून टाका. आमच्या पुतण्याने नुकतीच पोटहिस्स्याची मोजणीही करून घेतली. चार वाटे पडले, चार दगड रोवले. विहिरीची पाळी अजून पूर्वीसारखीच चालू आहे.